कवेलू, पत्रे आणि आमची पोरं

आमच्या चर्चच्या तरुण संघाला दर उन्हाळ्यात काहीतरी करायचं असतं. कधी पाणपोई, कधी रक्तदान. एका वर्षी पचमढीला आत्मिक शिबिर झालं, त्यात आत्मिक किती आणि बी-फॉल धबधब्याचं किती ते देव जाणे. यंदा पोरांनी ठरवलं, झाबुआकडच्या एका गावात जायचं आणि पावसाळ्याआधी लोकांची घरं दुरुस्त करायची. मुली येणार म्हणजे बरोबर कुणीतरी बाई हवी. आणि ती बाई अशी हवी की जिला शाळेची सुट्टी आहे, जिचे गुडघे अजून शाबूत आहेत आणि जिला पटकन नाही म्हणता येत नाही. रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेब माझ्याकडे बघून हसले, तेव्हाच मी ओळखलं की आपली मेची सुट्टी गेली.

आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती. आजोबा नगरकडून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले ते इथलेच झाले. चर्चमध्ये उपासना हिंदीत, घरी प्रार्थना मराठीत आणि भांडणं जी तोंडात येईल त्या भाषेत. कॅनडाचे मिशनरी इंदूरला १८७७ मध्ये आले, ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं, आणि तिथून त्यांचं काम पार भिल्लांच्या मुलखात, अमखुट-जोबटपर्यंत गेलं. आजोबा काही काळ जोबटला होते. आजीच्या गोष्टींतले विंचू, वाघ आणि ताडीची झाडं सगळी तिथलीच. त्यामुळे तो मुलूख मला ऐकून ठाऊक, पण घरात शिरून कधी बघितलेला नव्हता.

निघायच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये बैठका झाल्या. आमच्यातली एक मुलगी सीए करतेय, तिनं चक्क प्रोजेक्टरवर खर्चाचा तक्ता दाखवला. जमलेल्या पैशातून पत्रे घ्यायचे, जुनी कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, उतरवायची, वर पत्रे ठोकायचे. शिवाय डिस्टेंपरचे डबे, भिंतींवर फुलं, फुलपाखरं, एक इंद्रधनुष्य. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. मी विचारलं, ‘‘त्या घरवाल्यांना कुणी विचारलंय का?’’ तर सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गात अचानक तोंडी परीक्षा घेतली. गणिताच्या बाईंना ही नजर ओळखीची असते.

सरपंचाचं पत्र मागवलं, ठाण्यात कळवलं. मध्य प्रदेशात २०२१ पासून धर्मस्वातंत्र्याचा, म्हणजे सक्तीनं किंवा आमिषानं धर्मांतर करण्यावर बंदी घालणारा, नवा कायदा आहे, आणि चर्चची पोरं भिल्लांच्या गावात गेली म्हटलं की चार लोकांच्या भुवया वर जातातच. पाळकसाहेबांनी सगळ्यांना बजावलं, पत्रकं न्यायची नाहीत, बायबल आपापल्या पिशवीत, गाणी आपल्या खोलीत. काही पोरांना हे भित्रेपणाचं वाटलं. मला नाही वाटलं. कायद्याचं सोडा हो, ज्याच्या छपरावर आपण चढलोय त्याला खाली उभं करून उपदेश ऐकवणं बरं दिसतं का?

पहाटे पोहे-जिलेबी खाऊन निघालो. जीरावनाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची, पुडी बरोबर घेतल्याशिवाय इंदूरचा माणूस गाव सोडत नाही, आमच्याकडे पाव किलो होतं. धार, मग सरदारपूरला माही नदी, मग माछलियाचा घाट. दीडशे किलोमीटरचा रस्ता, पण घाट संपला की हवा, माती, घरं सगळंच बदलतं. इथं आपल्यासारखं दाटीवाटीचं गाव नसतं. एका टेकाडावर एक घर, भोवती त्याचंच शेत, पुढच्या टेकाडावर भावाचं घर. अशी पंधरा-वीस घरं मिळून एक फलिया. आमच्या गिटारवाल्यानं गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, ‘‘आंटी, गाव कुठंय?’’ त्याला सांगितलं, तू गावातच उभा आहेस.

उतरायची सोय तिथल्या मिशनच्या शाळेत होती. बाक भिंतीला लावून सतरंज्या टाकल्या. दुपारी पारा त्रेचाळीसवर, पंखा फिरतोय की नुसता विचार करतोय ते कळत नव्हतं.

पहिलं घर एका आजीचं. तिला सगळे माँ म्हणायचे, मग आम्हीही. मुलगा-सून मोरबीला, टाइल्सच्या कारखान्यात. नातू तिच्याजवळ. फलियातली निम्मी-अधिक तरणी माणसं अशीच गुजरातेत. कुणी मोरबी, कुणी सुरत, कुणी बडोद्याच्या बांधकामावर. होळीला, भगोरियाच्या जत्रेला येतात, परत जातात आणि जूनमध्ये पेरणीला येतात. आता कवेलू फेरायचं काम नेमकं मे महिन्यातलं, म्हणजे हात नसतात तेव्हाचं. शहरातल्या फ्लॅटची गुळगुळीत फरशी बनवणाऱ्या माणसाच्या आईच्या घरात पावसात तीन ठिकाणी भांडी ठेवावी लागतात. हे मी कुठं वाचलेलं नाही, ती भांडी बघितली.

शेजारी सरकारी योजनेतलं पक्कं घर उभं होतं. १ लाख २० हजारांचं ते अनुदान, चार भिंती आणि वर स्लॅब. आत खताची पोती, मक्याची कणसं आणि तीन शेळ्या. पोरांना फार राग आला, सरकारनं एवढं दिलं आणि ही बाई राहते कुडाच्या घरात! मी त्यांना भर दुपारी त्या स्लॅबखाली उभं केलं आणि मग माँच्या घरात आणलं. माँच्या घरात मातीनं लिंपलेले कूड, उंच आढं, कवेलूंच्या फटींतून धूर आणि उष्मा वर निघून जातो. कुणी काही बोललं नाही, पण त्या दिवसानंतर दुपारचा डबा सगळे तिथंच बसून खायला लागले.

पत्र्यांचा विषय निघाल्यावर माँ हसायलाच लागली. उन्हाळ्यात तापतो, पावसात ढोलासारखा वाजतो, वारा आला की शेजाऱ्याच्या शेतात जातो. ‘‘कवेलू फुटलं तर एक फुटतं,’’ ती म्हणाली. ‘‘पत्रा गेला तर घर जातं. तुमच्याकडे हात आहेत ना? मग हात द्या.’’

सीएवाल्या मुलीचा तक्ता तिथंच संपला. (ती पोरगी हुशार आहे. रात्री नवा केला.)

आता कवेलू फेरणं म्हणजे काय ते सांगते, कारण हे काम मी आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितलं आणि अजून डोक्यातून जात नाही. ही नळीची कवेलू, गावच्या मातीची, चाकावर नळा काढून उभा चिरायचा आणि भाजायचा, की दोन कवेलू झाली. छपरावर आधी एक रांग उताणी मांडायची, म्हणजे पन्हळ झाली. मग दोन पन्हळींच्या सांध्यावर दुसरी रांग पालथी. खिळा नाही, चुना नाही, सिमेंट नाही. सगळं एकमेकांच्या वजनावर बसलेलं. मांडायचं वळचणीकडून आढ्याकडे, म्हणजे वरचं कवेलू खालच्यावर चढतं आणि पाणी आत शिरत नाही. वर्षभरात माकडं उड्या मारतात, वारा ढकलतो, उंदीर खालच्या कामट्या कुरतडतात, आणि हळूहळू सगळी रांग खाली सरकते. म्हणून दर वर्षी सगळं उतरवायचं, झाडायचं, कुजलेल्या कामट्या बदलायच्या आणि पुन्हा मांडायचं. माझी आजी नगरकडच्या घराच्या शाकारणीबद्दल बोलायची ते हेच, पण तिच्या बोलण्यात ते नुसतं ‘मे महिन्यात शाकारून घेतलं’ एवढंच असायचं. शाकारणारा गडी दिवसभर कुठल्या उन्हात उभा होता हे त्यात यायचं नाही.

सकाळी सहाला सुरुवात, दहाला बंद, कारण त्यानंतर कवेलू हातात धरवत नाही. वर फक्त दोघं. एक माँचा पुतण्या, तो त्या फलियात उरलेला एकटाच धडधाकट बाप्या, आणि दुसरा आमच्यातला सगळ्यात हलका पोरगा. पाय वाशावरच पडला पाहिजे, मधे पडला तर कामट्यांसकट खाली. चप्पल काढून अनवाणी, घोंगडीचा तुकडा पायाखाली. बाकीच्यांची शिडीपासून अंगणापर्यंत रांग, हातोहात कवेलू खाली.

आणि खाली अंगणात माँ बसलेली, एका गोणपाटावर. तिच्यासमोर आलेलं प्रत्येक कवेलू ती डाव्या हातावर तोलायची आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं एकदा वाजवायची. खणखणीत वाजलं तर उजवीकडे. बद्द वाजलं तर डावीकडे, मग ते दिसायला कितीही अखंड असो. बारीक तडा डोळ्याला दिसत नाही, पण आवाजात लपत नाही. पोरांनी एक-दोनदा वाद घातला, हे तर चांगलं आहे म्हणून. माँनं ते कवेलू उलटं धरून त्यात लोटाभर पाणी ओतलं आणि बाहेरच्या बाजूला ओलीची बारीक रेघ उमटलेली दाखवली. त्यानंतर कुणी वाद घातला नाही. आमच्यातली एक मुलगी, जी चर्चमध्ये आल्टो गाते, तिला दुसऱ्या दिवशी माँनं आपल्या शेजारी बसवून घेतलं. तिचा कान चांगला निघाला. छपराखाली निघालेला कचरा, काजळी, जळमटं आणि एक भलामोठा विंचू हे मात्र कुणाच्याच कानाला सोपवता येण्यासारखं नव्हतं. विंचू पुतण्यानं चिमट्यात धरून कुंपणापलीकडे सोडला, तसं कोणी विशेष लक्षही दिलं नाही. आजीच्या गोष्टी खऱ्या होत्या.

हलम्याबद्दल मी इंदूरच्या वर्तमानपत्रात वाचलं होतं. भिल्लांमध्ये कुणी अडचणीत असला, घर पडलं, विहीर अर्धी राहिली, तर तो हलमा बोलावतो. मग घरटी माणूस आपली कुदळ-फावडं घेऊन येतो, मजुरी घेत नाही. झाबुआजवळच्या हाथीपावा टेकडीवर हजारो लोक असे जमून पाणी अडवायचे चर खणतात, ते तर बातम्यांतही येतं. मी माँला विचारलं की तू हलमा का नाही बोलावलास. ती म्हणाली, ‘‘बोलावून येणार कोण? ज्यांना बोलवायचं ते मोरबीत.’’ मग आमच्याकडे हात करून म्हणाली, ‘‘हे आले ना.’’ आमची पोरं यावर फार खूश झाली. मला त्यांच्या खुशीत थोडं खटकलं, कारण हलम्यात आज मी तुझ्याकडे येतो आणि उद्या तू माझ्याकडे येतोस. माँ काही आमच्या इंदूरच्या सुखलियातल्या फ्लॅटची गळती काढायला येणार नाही. पण हे मी तिथं बोलले नाही. कामाच्या मधे काय बोलायचं.

दुसरं घर मात्र वेगळं निघालं. तिथली बाई माझ्यापेक्षा लहान, दोन मुली, नवरा गेलेला. तो गोधऱ्याकडे गारगोटी दळायच्या कारखान्यात होता. ती पांढरी भुकटी काचेसाठी जाते. तिची धूळ फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो आणि त्यावर औषध नाही. झाबुआ-अलीराजपूरकडून तिकडे गेलेली कितीतरी माणसं अशी गेली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०१६ मध्ये कोर्टानं मृतांच्या घरच्यांना ३ लाख रुपये द्यायला सांगितलं. आम्ही माँच्या छपरावरून शिकून आलेलो, म्हणून पोरं तिला कवेलूचं माहात्म्य सांगायला लागली, थंड राहतं, धूर जातो, पत्रा वाजतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘दर वर्षी फेरणार कोण? मी आढ्यावर चढू? पत्रा द्या.’’

बरोबर होतं तिचं. दोघींनी दोन उत्तरं दिली आणि दोन्ही बरोबर. तक्त्यात पत्रे परत आले.

इथं एक प्रसंग झाला. झाबुआच्या दुकानात सिमेंटचे पत्रे स्वस्त पडत होते, आमच्या खजिनदार मुलानं तेच घ्यायचं ठरवलं होतं, कारण वाचलेल्या पैशात आणखी एक छप्पर झालं असतं. मी कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. आपल्या देशात त्याच्या खाणी बंद आहेत, पण बाहेरून आणून पत्रे बिनधास्त विकले जातात. ते कापताना, भोकं पाडताना जी धूळ उडते तीही फुप्फुसातच जाते. धुळीनं नवरा गेलेल्या बाईच्या डोक्यावर तसला पत्रा आपण देवाच्या नावानं चढवायचा? खजिनदार म्हणाला, ‘‘आंटी, सगळेच तर लावतात.’’ सगळेच लावतात हे खरंच आहे, आमच्या शाळेच्या सायकल स्टँडवरही तोच आहे. पण शेवटी जस्ताचे पत्रे आले, महाग पडले, आणि एक छप्पर कमी झालं. ते कमी झालेलं छप्पर ज्यांचं, त्यांना आम्ही आधी काही कबूल केलं नव्हतं, हे नशीब.

पत्रे ठोकायला सुरतेहून सुट्टीवर आलेला मिस्त्री मिळाला. त्यानं पोरांना दोनच गोष्टी सांगितल्या, भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाड, खोलगटात पाडशील तर पाणी तिथूनच येईल. आणि हुकाचा बोल्ट आवळताना वॉशर चेपेस्तोवर आवळ, फाटेस्तोवर नको. बीटेक झालेला आमचा एक जण त्याच्या हाताखाली दिवसभर वॉशर पुरवत होता आणि मला तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात समजूतदार दिवस वाटला. काम झाल्यावर बाईनं पत्र्यावर सागाच्या फांद्या टाकून घेतल्या, ऊन कमी लागतं म्हणून. उतरवलेली चांगली कवेलू तिनं मोजून माँच्या घरी पाठवली. ती मोजणी त्या दोघींच्यात झाली, आम्हाला कुणी विचारलं नाही.

आणि डिस्टेंपर? ते डबे गाडीतच राहिले. माँच्या ओसरीची आतली भिंत चांगली मोठी, सारवलेली, रिकामी. पोरांना वाटलं, इंद्रधनुष्याला याहून चांगली जागा कुठली. नातवानं सांगितलं की ही भिंत ठेवलेली आहे, बाप नवस बोललाय, तो फिटला की इथं पिठोरा लिहायचा. पिठोरा म्हणजे घोड्यांची ती चित्रं, देवाची. ती हौसेनं काढत नाहीत, ती ज्यानं काढायची तोच काढतो आणि रात्रभर गाणं-बजावणं चालतं. आमच्यात एक-दोघे जरा गप्प झाले. दुसऱ्याच्या देवाची भिंत म्हटलं की आपल्या पोरांना काय करावं कळत नाही. मी त्यांना इथून जवळच्या पिटोल गावच्या भिल्ल चित्रकार भूरीबाईंचं सांगितलं. भोपाळला भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजुरी करायला गेल्या होत्या, तिथं चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना चित्र काढायला सांगितलं, आणि २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘‘ज्या मुलखात अशा बाया आहेत,’’ मी म्हटलं, ‘‘तिथं आपण फुलपाखरं काढणार?’’ डिस्टेंपर शाळेच्या संडासांच्या भिंतींना लागलं. तिथं फुलपाखरंही आहेत. छान दिसतात.

रात्री वर्गात मेणबत्ती लावून आमची प्रार्थना व्हायची. गिटारवाल्याच्या बोटांना फोड आले होते, त्यामुळे साथीशिवाय गायलो आणि खरं सांगू, बरं वाटलं. दिवसभर माँ आम्हाला ‘राम राम’ म्हणायची, आम्ही ‘राम राम’ म्हणायचो, त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. जेवण मक्याची रोटी आणि उडदाची डाळ. वर आमचं जीरावन. नातवाला ते इतकं आवडलं की उरलेली पुडी त्यालाच देऊन आलो.

इंदूरची पोरं आणखी एका बाबतीत ओळखू यायची. बिस्किटाचा पुडा संपला की कागद हातात धरून उभी राहायची, ओला कचरा कुठं, सुका कुठं. माँच्या घरी कचरा असा नव्हताच. साल शेळीला, राख उकिरड्यावर, फुटकी कवेलू वाटेवरच्या खड्ड्यात. आमचा सगळा कचरा आम्हीच आणलेला होता, तो बांधून परत इंदूरला आणला आणि सकाळी पिवळ्या गाडीत टाकला.

पुढच्या वर्षी जायचं की नाही यावर आता वाद चाललाय. काहींना हिमाचल हवंय. माझं म्हणणं, जायचं तर तिथंच, आणि होळीच्या सुमाराला एक चक्कर मारून मोरबीवाल्यांना भेटायचं, त्यांना काय हवंय ते विचारायचं, कारण घर शेवटी त्यांचं आहे.

जुलैत नातवाचा फोन आला. पाऊस चांगला झालाय, घर कोरडं आहे, फक्त जात्याच्या वर एक ठिकाणी ठिबकतंय. ग्रुपवर लगेच सुरू झालं. जात्याच्या वरचा भाग कुणी मांडला होता? हलका पोरगा म्हणे पुतण्यानं, सीएवाली म्हणे तिच्याकडे फोटो आहे आणि फोटोत तिथं हलकाच दिसतोय. आल्टोवालीनं शपथेवर सांगितलं की तिनं एकही बद्द कवेलू वर जाऊ दिलेलं नाही. शंभर मेसेज झाले. संध्याकाळी मी नातवाला परत फोन लावला, म्हटलं कुणाला पाठवू का. तो म्हणाला, कशाला, माँनं आतूनच काठीनं ढोसून सरकवलं, आता नाही गळत.